मेंढरांना लस पोहोचते, माणसांना रक्त का नाही?

भटकणारे मेंढपाळ रक्तदानाला पुढे येत नाहीत, अशी तक्रार रक्तदानाच्या चळवळीतील कार्यकर्त्यांच्या तोंडी हमखास ऐकू येते. तक्रार करणारी माणसे वाईट नसतात. स्वतः नेमाने रक्त देणारी, रात्री-अपरात्री दुसऱ्याच्या नातेवाइकासाठी धावणारी अशी ही मंडळी असतात. त्यांचा निष्कर्ष मात्र ठरलेला असतो. मेंढपाळ अडाणी आहे, देवभोळा आहे, सुईला भितो. तेव्हा त्याचे प्रबोधन करावे, पत्रके वाटावीत, एखादा लोककलावंत गाठून कवने रचावीत. आमचे म्हणणे असे की हे निदान चुकीचे आहे आणि केवळ सोयीचे असल्यामुळे ते टिकून आहे. दोष एकदा मेंढपाळाच्या डोक्यात आहे असे ठरले, की व्यवस्थेच्या पायांकडे, ते कुठवर चालत जातात इकडे, पाहण्याचे कारण उरत नाही.

करमाळा तालुकाच घ्या. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना आणि मध्ये कमी पावसाचे माळ. उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि भीमाकाठची गावे, त्यांच्या गाळपेरीच्या जमिनी जलाशयाखाली गेल्या. पाण्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले, आणि जिथे पूर्वी कुसळी गवत उभे असे तिथे तारेची कुंपणे पडली. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य जाहीर झाले ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरात जाणारे होते आणि त्यात करमाळ्याची रानेही होती. पुढे ते आवळून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. रेषा वाढली तेव्हाही आणि घटली तेव्हाही चर्चा पक्ष्याची, जमीनमालकाची व बांधकामाची झाली. त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे चारणारा धनगर त्या चर्चेत वादी नव्हता आणि प्रतिवादीही नव्हता. सरकारी कागदावर तो बहुधा ‘अतिक्रमण’ या सदराखालीच अवतरतो.

असा हा माणूस दिवाळी सरली की वाडा हलवतो. कोणी घाट उतरून कोकणात जातो, कोणी भीमेच्या काठाकाठाने सरकतो, कोणी मराठवाड्याच्या वाटेला लागतो. घोड्यावर बिऱ्हाड, पाटीत कोंबडी आणि लहान मूल शेजारी शेजारी, मागे कुत्री. रात्री कोणाच्या तरी वावरात मेंढरे बसवायची, वाघर लावायची, लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी किंवा चार पैसे घ्यायचे, पहाटे पुन्हा चालू पडायचे. पुरुष कळपामागे जातो. तळ उठवणे, घोडे लादणे, पाणी शोधणे, चूल मांडणे, अशक्त कोकरे सांभाळणे हे सारे बाईचे. सातव्या-आठव्या महिन्याची गरोदर बाईही यातून सुटत नाही. कारण वाडा कोणासाठी थांबत नसतो.

आता कल्पना करा की असा एक वाडा पोथरे-मांगीच्या माळावर पडला आहे आणि रात्री त्यातल्या एका बाईची सुटका होऊन रक्तस्राव थांबेनासा झाला आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे आपल्या देशातील मातामृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे, हे वैद्यकाच्या पहिल्या इयत्तेतले ज्ञान झाले. तो तासांच्या हिशेबाने मारतो. रक्तपेढी करमाळ्यात असली काय, बार्शीत असली काय, सोलापुरात असली काय, बाईपासून तिच्यापर्यंतचे अंतर किलोमीटरांत मोजून भागत नाही. आधी वाहन मिळाले पाहिजे. मग कोठल्या तरी दवाखान्यात दाखल करून घेतले पाहिजे. मग गट तपासून चिठ्ठी लिहिली गेली पाहिजे. आणि मग, बहुतेक वेळा, त्या चिठ्ठीसोबत एक वाक्य येते : “बदली दाता आणा.”

हे वाक्य शहरातल्या माणसाला फारसे जड जात नाही. त्याचे भाऊबंद, कचेरीतले सहकारी, गल्लीतले मंडळ यांतून दोन माणसे तासाभरात उभी राहतात. मेंढपाळाचे भाऊबंद त्या रात्री तीन तालुक्यांत विखुरलेले असतात. सोबत आलेला नवरा बहुधा एकटा असतो. दुसरा पुरुष मेंढरांपाशी ठेवावाच लागतो, नाहीतर सकाळपर्यंत लांडगा किंवा चोर, दोहोंपैकी एक जण कळपाचा हिशेब करून जातो. अशा एकट्या माणसाला ‘बदली’ आणायला सांगणे म्हणजे त्याला दलालाच्या दारात नेऊन सोडणे होय. २००२ सालच्या राष्ट्रीय रक्त धोरणाने ही बदलीची पद्धत टप्प्याटप्प्याने संपवून सर्व रक्त ऐच्छिक दात्यांकडून मिळवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्याला वीस वर्षे उलटून गेली. महाराष्ट्र रक्तसंकलनात देशात आघाडीवर आहे असे आपण अभिमानाने सांगतो, आणि तरीही ही अट आडवळणाने जिवंत आहे. जो या अटीखाली भरडला गेला त्याच्यापुढे जाऊन ‘रक्तदान हे श्रेष्ठ दान’ असा फलक धरणे याला आम्ही तरी प्रबोधन म्हणणार नाही.

या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे आणि ती फारशी बोलली जात नाही. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांचा धंदा आपल्याकडे शहराशहरांत चालत होता. भुकेले, व्यसनी, रोजगार नसलेले लोक महिन्यातून अनेकदा शिरा उघड्या करीत आणि त्या रक्तातून कावीळ व पुढे एच.आय.व्ही. पसरे. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून पेशेवर रक्तविक्रीला बंदी आली. राष्ट्रीय व राज्य रक्त संक्रमण परिषदा त्याच निकालातून जन्मल्या. निकाल योग्यच होता. २००८ साली गोरखपुरात एका गोठेवाल्याने माणसे कोंडून ठेवून त्यांचे रक्त काढून विकल्याचे उघडकीस आले, तेव्हा ही बंदी किती आवश्यक होती आणि किती अपुरी पडली, हे दोन्ही एकदमच दिसले. माणसांची दुभती जनावरे करणारा तो गोठेवाला बाजाराच्या तर्कशास्त्राला सर्वांत प्रामाणिक होता, असेच म्हणावे लागेल.

परंतु त्याच नियमनाच्या पोटात खेड्यातल्या शल्यवैद्याची एक वाट बंद झाली. पूर्वी तालुक्याच्या गावातला डॉक्टर अडचणीच्या वेळी नातेवाइकाचे रक्त काढून, गट जुळवून, जागच्या जागी चढवीत असे. परवानाधारक रक्तपेढीबाहेरचे असे रक्त देणे आता कायद्यात बसत नाही. ग्रामीण शल्यवैद्यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षे गाऱ्हाणे मांडले. सीमेवरच्या सैनिकी रुग्णालयांना मात्र सवलत मिळाली, कारण तिथे रक्तपेढी पोहोचत नाही हे शासनाला समजते. माळावर ती पोहोचत नाही हे समजायला कोणती दुर्बीण लागते? आम्ही तपासणीविना रक्त चढवण्याचा पुरस्कार करीत नाही. एच.आय.व्ही., दोन प्रकारच्या काविळी, उपदंश आणि हिवताप या चाचण्या प्रत्येक पिशवीच्या झाल्याच पाहिजेत. गरिबाला गरिबीच्या नावाखाली दुय्यम रक्त देणे हा दुसरा अन्याय होईल. पण यावर तोडगाही शासनाने स्वतःच काढून ठेवला आहे. या शतकाच्या आरंभी औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन ग्रामीण रुग्णालयांना व प्राथमिक आरोग्य केंद्रांना, रक्तपेढीच्या परवान्यावाचून, मोठ्या रक्तपेढीशी जोडलेले साठवणूक केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. त्यासाठी लागते काय? दोन ते सहा अंशांत राहणारे शीतकपाट, गट जुळवणी करणारा तंत्रज्ञ, आणि खंडित न होणारी वीज. परवानगी पंचवीस वर्षांची झाली. शीतकपाट, तंत्रज्ञ आणि वीज ही तिन्ही एकाच छताखाली एकाच वेळी किती ग्रामीण रुग्णालयांत हजर असतात, याची यादी आरोग्य खात्याने तालुकावार प्रसिद्ध करावी. एवढी एक यादी दहा प्रबोधन-मेळाव्यांहून अधिक उपयोगी पडेल.

दुसरीकडे रक्त सांडते आहे. २०१७ साली माहितीच्या अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार आधीच्या पाच वर्षांत देशात २८ लाखांहून अधिक युनिटे रक्त व रक्तघटक वाया गेले, आणि वाया घालवण्यात महाराष्ट्र पुढे होता. याचे कारण गूढ नाही. तांबड्या पेशी पस्तीस दिवस, फार तर बेचाळीस दिवस टिकतात. बिंबिका पाचच दिवस. आपली शिबिरे मात्र रुग्णाच्या गरजेप्रमाणे भरत नाहीत, पुढाऱ्याच्या जन्मतारखेप्रमाणे भरतात. साहेबांचा वाढदिवस आला की एका दिवसात हजार पिशव्या, उच्चांकाची घोषणा, फ्लेक्सवर हसरे चेहरे, दात्याला डबा नाहीतर हेल्मेट. ऐच्छिक दात्याला आमिष देऊ नये हा नियम त्या हेल्मेटाखाली झाकला जातो. त्यानंतर दीड महिन्याने तीच रक्तपेढी तुटवड्याचे पत्रक काढते. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत आणि दिवाळीच्या सुटीत महाविद्यालये व कचेऱ्या बंद पडल्या की महाराष्ट्रात रक्ताची ओरड होते. हे पंचांगासारखे ठरलेले आहे.

आणि इथेच एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या दिवाळीत शहरांतील दाते गावी जातात, त्याच दिवाळीच्या अमावास्येला आपल्याच जिल्ह्यात, मंगळवेढे तालुक्यातील हुलजंतीला महालिंगरायाची जत्रा भरते. पालख्यांच्या भेटी होतात, भंडारा उधळतो, आणि महाराष्ट्र-कर्नाटकातला धनगर समाज लाखाच्या मोजणीने एकत्र येतो. ज्या मे महिन्यात रक्तपेढ्या कोरड्या पडतात, त्याच मे महिन्याच्या ३१ तारखेला अहिल्यादेवींची जयंती येते आणि करमाळ्याला खेटून असलेल्या जामखेड तालुक्यात चौंडीला त्यांच्या जन्मगावी गर्दी लोटते. तुटवड्याचे दोन काळ आणि समाज एकत्र येण्याच्या दोन तिथी, यांची अशी गाठ पडली असता ‘मेंढपाळ सापडत नाहीत’ म्हणणे हे न शोधण्याचे लक्षण आहे. जयंतीला शिबिरे होतात हे खरे. पण ती बहुतांशी गावात स्थायिक झालेल्या, नोकरीपेशातल्या तरुणांची असतात. वाड्यावरचा माणूस त्या गर्दीत दर्शन घेऊन परततो. त्याला कोणी हाक मारीत नाही.

भीतीविषयी. वाड्यावर भीती आहे, ती आम्ही नाकारीत नाही. “रगत दिलं की अंगातलं बळ जातं,” असे म्हणणारे म्हातारे आहेत आणि त्यांचे ऐकणारे तरुणही. प्रौढ माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असते, त्यातले साडेतीनशे मिलिलिटर घेतात, द्रवभाग एक-दोन दिवसांत व पेशी काही आठवड्यांत भरून येतात, हे समजावून सांगितलेच पाहिजे. परंतु या भीतीत सत्याचा एक कण आहे तो शिबिरवाल्यांना दिसत नाही. साडेतीनशे मिलिलिटर रक्ताबरोबर दीडशे मिलिग्रॅमहून अधिक लोह अंगातून जाते. रोज सकस जेवणाऱ्याला ते जाणवत नाही. दिवसाकाठी पंधरा-वीस किलोमीटर तुडवून भाकरी, मिरचीचा ठेचा आणि मिळाले तर दूध यांवर राहणाऱ्याला ते भरून काढायला वेळ लागतो. म्हातारा ज्याला ‘बळ’ म्हणतो त्यालाच प्रयोगशाळा हिमोग्लोबिन म्हणते, आणि दात्याच्या अंगी ते साडेबारा ग्रॅम असावे अशी नियमाचीच अट आहे. चहा आणि बिस्किटाचा पुडा देऊन दात्याची पाठवणी करणाऱ्यांनी सोबत महिनाभराच्या लोहाच्या गोळ्या का देऊ नयेत?

बायकांची स्थिती तर उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. हे सर्व राज्याचे आकडे झाले. ज्या वाड्याची नोंद कोणत्याच गावाच्या यादीत नाही, ज्याच्या वाट्याला कोणतीच आशाताई येत नाही, तिथली बाई या सरासरीहून सुखी असेल असे मानायला जागा नाही. आधीच निम्मे रक्त असलेली बाई बाळंतपणात त्यातलेही गमावते. तिच्या नवऱ्याला दाता व्हायला सांगण्याआधी तिचा रक्तक्षय बरा करणे हे रक्तपुरवठ्याचेच काम आहे. कारण जिचे हिमोग्लोबिन पुरे आहे तिला रक्त चढवण्याची वेळच पुष्कळदा येत नाही. रक्तपेढीच्या अहवालात मात्र गोळा केलेल्या पिशव्या मोजतात. न लागलेल्या पिशव्या मोजण्याचा रकाना नसतो.

धनगराने आजवर रक्त दिलेच नाही असेही नाही. १९७० नंतरच्या काळात भारतीय सांख्यिकी संस्थेचे के. सी. मल्होत्रा व त्यांचे सहकारी यांनी महाराष्ट्रातील धनगरांच्या अनेक अंतर्विवाही पोटजातींचा अभ्यास केला. वाड्यांवर जाऊन त्यांची भटकंती व चराईक्षेत्रे नोंदवली आणि रक्तगटादी आनुवंशिक लक्षणेही तपासली. शास्त्राच्या दृष्टीने ते मोलाचे काम होते. आमचा मुद्दा त्याच्या गुणवत्तेविषयी नाही. मुद्दा असा की रक्ताचे नमुने घेण्यासाठी वाड्यापर्यंत जाता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. नमुने घेणारा पोहोचला, रक्त देणारा पोहोचला नाही. दुर्मीळ रक्तगटांची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. ‘बॉम्बे’ रक्तगट १९५२ साली मुंबईतच डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी शोधला. अंतर्विवाही जातींच्या या देशात अशा गटांचे दाते गाठायचे तर प्रत्येक समूहाची गटनोंद हवी. अर्ध्या समाजाला नोंदवहीबाहेर ठेवून दुर्मीळ दात्यांची यादी पुरी होणार नाही.

आता मेंढरांकडे वळू. पावसाळा तोंडावर आला की पशुसंवर्धन खाते आंत्रविषाराची लस टोचते. पीपीआरची मोहीम असते. लस उशिरा येते, कमी पडते, पैसे मागितले जातात, अशा तक्रारी आहेतच. तरीही त्या खात्याला एक गोष्ट मान्य आहे : कळप फिरता असतो, तेव्हा लसवाल्याने कळपाकडे जायचे. मेंढी-शेळी महामंडळ १९७८ पासून आहे, २०१७ पासून महामेष योजना आहे. मेंढीला महामंडळ आहे. मेंढी राखणारीला आरोग्यसेविका नाही. मेंढी मेली तर राष्ट्रीय संपत्तीचा ऱ्हास, आणि बाळंतीण गेली तर नशीब! आरोग्य खात्याला आपण नवे काही शोधून काढायला सांगत नाही. पशुवैद्याच्या जीपमध्ये मागच्या बाकावर एका परिचारिकेला जागा द्या, इतकेच सांगतो आहोत. मेंढ्यांना टोचणी चालू असताना वाड्यावरच्या सगळ्यांचे गट व हिमोग्लोबिन तपासून होईल. मेंढ्यांच्या गर्भपातातून माणसाला लागणारा ब्रुसेलोसिसचा रेंगाळता तापही तिथेच ध्यानात येईल. असा तापकरी मेंढपाळ दाता होण्याआधी रुग्ण आहे.

समाजाच्या पुढाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव २०१९ साली मिळाले, जिल्ह्याला २०२४ साली मिळाले, २०२५ साली त्रिशताब्दी थाटात झाली. आरक्षणाचा लढा न्याय्य आहे की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. आम्ही त्यात इथे शिरत नाही. पण या सर्व काळात वाड्यावरच्या बाळंतिणीसाठी रक्त हवे, म्हणून एकही मोर्चा तहसील कचेरीवर गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. घाट, विहिरी, बारवा बांधणाऱ्या बाईचे नाव घ्यायचे आणि तिच्याच लेकींच्या जिवाची गोष्ट ‘बायकांची बाब’ म्हणून खाली बसवायची, हा पुरुषी पुढारपणाचा जुना रोग आहे. जत्रेत बकऱ्याचे रक्त देवापुढे सांडते तेव्हा कोणाला भोवळ येत नाही. सुईने काढलेल्या रक्ताचीच भीती का वाटावी, हे पुढाऱ्यांनी स्वतः बाही वर करून समाजाला विचारावे. अजून किती जणांनी ती वर केली आहे?

रक्तदान ही परोपकाराची नव्हे, परस्परतेची व्यवस्था आहे, हे रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजवादी अभ्यासकाने १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या ग्रंथात मांडले. अमेरिकेतील विकतच्या रक्तापेक्षा ब्रिटनमधील ऐच्छिक दानाचे रक्त अधिक सुरक्षित व कमी खर्चाचे ठरते, हा त्याचा निष्कर्ष. पण ब्रिटिश दाता ज्या विश्वासाने रक्त देत होता त्याच्या पाठीशी सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा उभी होती. आपण टिटमसचा दाता मागतो आणि त्याची आरोग्यसेवा विसरतो. रक्त विकता येत नाही, फक्त प्रक्रिया-शुल्क घेता येते, हे केंद्रीय औषध नियंत्रकांना पुन्हा बजावावे लागले, यावरून आपल्याकडे त्या विश्वासाची काय स्थिती आहे हे कळते. दात्याला मिळणारे कार्ड बहुधा त्या एका रक्तपेढीपुरतेच चालते. वर्षाला आठ तालुके तुडवणाऱ्याने ते कार्ड कोठे दाखवावे?

सोलापूरकरांना तर यासाठी विलायतेकडे पाहण्याचेही कारण नाही. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले ते नॉर्मन बेथ्यून स्पेनच्या यादवी युद्धात रक्ताच्या बाटल्या गाडीत घालून थेट आघाडीवर नेत होते; चीनच्या डोंगराळ मुलखात त्यांनी खेडुतांतूनच रक्तदाते उभे केले, स्वतःचेही रक्त दिले. निरक्षर, अर्धपोटी, सुईला भिणारे असेच ते शेतकरी होते. ते पुढे आले कारण त्यांच्या डोळ्यांदेखत ते रक्त त्यांच्याच जखमी पोरांच्या अंगात गेले.

म्हणून आमची मागणी उलट्या क्रमाची आहे. आधी करमाळ्यासारख्या प्रत्येक तालुक्यात चालते साठवणूक केंद्र आणि तिथे मेंढपाळ स्त्रीला बदली दात्याच्या अटीवाचून रक्त. मग वाडेनिहाय नोंदवही : कोणता वाडा कोणत्या महिन्यात कोणत्या शिवारात, त्यात कोण गरोदर, कोणाचा गट काय, कितवा महिना. ही नोंद एका तालुक्याने पुढच्या तालुक्याला कळवायची. साखर कारखाने ऊसतोड टोळ्यांचा ठावठिकाणा याहून बारकाईने ठेवतात. आणि मग, तिसऱ्या पायरीवर, दान. पुरुषाने नव्वद दिवसांनी, धडधाकट बाईने एकशेवीस दिवसांनी, एका वाड्यातून एका वेळी एक-दोन जणांनीच, म्हणजे कळप उघडा पडणार नाही. येत्या दिवाळीला हुलजंतीच्या जत्रेत ही नोंद सुरू करता येईल. जिल्हा शल्यचिकित्सकांनी त्यासाठी एक मांडव, दोन तंत्रज्ञ, लोहाच्या गोळ्यांची खोकी आणि कानडी-मराठी दोन्ही बोलणारी एक परिचारिका पाठवावी. फ्लेक्स पाठवू नये.